सातबारा नावावर आहे, पीकपाहणीचं काय?

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता. खामगावच्या बाजारात नव्या कापसाच्या गाड्या यायला लागल्या होत्या. एका जिनिंगवाल्याला हंगामासाठी बँकेतली कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून घ्यायची होती. त्याने आपल्या नेहमीच्या सीएंकडून नेटवर्थ सर्टिफिकेट नेलं. सही होती, शिक्का होता, लेटरहेडही चकचकीत होतं. तासाभरात त्याचा फोन आला, "साहेब, मॅनेजर म्हणते, याच्यावर तो अठरा अक्षरांचा नंबरच नाही. नंबर टाकून द्या."

सीए साहेब नंबर काढायला बसले, तर पोर्टल नंबर देईना. सप्टेंबरभर टॅक्स ऑडिटच्या धावपळीत सीएंच्या संस्थेची वार्षिक फी भरायची राहून गेली होती. आठवण करून देणारे ईमेल आले होते, पण ते तीन वर्षांपूर्वी ऑफिस सोडून गेलेल्या एका आर्टिकलने उघडलेल्या पत्त्यावर. १ ऑक्टोबरपासून साहेबांचं नाव सदस्यांच्या नोंदवहीतून उतरलं होतं आणि त्यानंतरही त्यांची सही चालूच होती. पुढे त्यांनी अर्ज केला, नाव परत लागलं. जिनिंगवाला मात्र तोवर शेजारच्या ऑफिसातून सर्टिफिकेट घेऊन मोकळा झाला होता. तो पुन्हा परतला नाही.

आपल्याकडे शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सातबारा नावावर असला तरी पीकपाहणी दर हंगामात लागते. पाहणी नोंदली नाही तर शेत कुठे जात नाही, पण विमा आणि अनुदान मागायला गेलं की अडतं. लेखापालाचंही तसंच आहे. भिंतीवर फ्रेममध्ये लावलेलं सदस्यत्वाचं प्रमाणपत्र म्हणजे सातबारा. वार्षिक फी, प्रशिक्षणाचे तास, पीअर रिव्ह्यू, सहकार खात्याची नामतालिका या सगळ्या पीकपाहण्या. प्रत्येकीची तारीख वेगळी आणि नोंदवण्याची जागाही वेगळी. एक जरी राहिली तरी सहीचं वजन जातं.

हा लेख बुलढाणा जिल्ह्यातल्या सीए मंडळींसाठी आणि सहकारी संस्थांच्या प्रमाणित लेखापरीक्षकांसाठी आहे. संस्थांचे सचिव आणि संचालक यांनीही शेवटचा भाग जरूर वाचावा.

पहिली पाहणी: वार्षिक फी

चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा १९४९ चा. त्याच्या कलम ६ प्रमाणे व्यवसाय करायचा तर सदस्यत्वाखेरीज सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस, म्हणजे बोलीतलं सीओपी, लागतं. सदस्यत्वाची आणि सीओपीची फी दर वर्षी १ एप्रिलला देय होते. भरायची शेवटची तारीख ३० सप्टेंबर.

ही तारीख नीट पाहा. टॅक्स ऑडिट अहवालाची वर्षानुवर्षांची तारीखही ३० सप्टेंबर. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांची शेवटची तारीखही तीच. शिवाय गणपती, पितृपक्ष, नवरात्र याच सुमारास येतात. ज्या दिवशी ऑफिसात श्वास घ्यायला वेळ नसतो, त्याच दिवशी स्वतःची मुदत संपते. म्हणून ही फी सप्टेंबरसाठी ठेवूच नका. भेंडवळची घटमांडणी अक्षय तृतीयेला होते. पाऊसपाण्याचं भाकीत ऐकायला लोक पहाटे शेतात जमतात, तोवर आपली फी भरून झालेली असावी, एवढा साधा नियम ठेवला तरी पुरे.

भरणा संस्थेच्या सेल्फ सर्व्हिस पोर्टलवर होतो. फीवर १८ टक्के जीएसटी लागतो. त्याच वेळी केवायएम, म्हणजे सदस्याची माहिती अद्ययावत करणारा फॉर्म भरावा लागतो. तो घाईत 'पूर्वीप्रमाणेच' म्हणून पुढे ढकलू नका. चार गोष्टी मुद्दाम तपासा. मोबाइल नंबर आपला स्वतःचाच आहे ना? ईमेल आपल्याच हातात आहे ना? ऑफिसचा पत्ता बदलला असेल किंवा फर्ममध्ये भागीदार आला-गेला असेल, तर फॉर्म १८ भरला आहे ना? आणि पोर्टलचा पासवर्ड आर्टिकलच्या वहीत आहे की आपल्याला ठाऊक आहे? वरच्या गोष्टीतल्या साहेबांकडे पैसे कमी नव्हते. त्यांना ईमेलने गाठलं.

नाव उतरलंच तर फॉर्म ९ भरून, थकीत आणि जादा फीसह सदस्यत्व परत मिळवता येतं. सीओपीसाठी फॉर्म ६ लागतो. हे त्याच आर्थिक वर्षात उरकून टाका. वर्ष उलटलं की मधला खंड तसाच राहण्याची भीती असते आणि त्या खंडात केलेल्या प्रत्येक सहीचं उत्तर द्यावं लागतं. नाव उतरल्याचं कळलं त्या क्षणी लेटरहेड कपाटात ठेवा. परत लागल्याचं पत्र येईपर्यंत एकाही कागदावर सही करू नका, कितीही जुना पक्षकार समोर बसलेला असला तरी.

आणखी एक शंका आपल्याकडे हमखास विचारली जाते: "माझी शेती आहे, सोयाबीन-तूर घेतो. सीओपीला अडचण येईल का?" येणार नाही. स्वतःची शेतजमीन असणं आणि ती कसणं याला संस्थेची सर्वसाधारण परवानगी आहे. महाविद्यालयात किंवा क्लासमध्ये शिकवत असाल तर मात्र तास मोजा. आठवड्याला २५ तासांपर्यंत शिकवून ऑडिट करता येतं. पूर्णवेळ नोकरी धरली असेल तर परवानगी आणि सीओपीचा प्रकार दोन्ही बदलतात, आणि अर्धवेळ सीओपीवर ऑडिटची सही चालत नाही.

दुसरी पाहणी: सीपीईचे तास

सतत शिकत राहण्याचे हे तास तीन कॅलेंडर वर्षांच्या गटात मोजतात. २०२३ ते २०२५ चा गट संपला. १ जानेवारी २०२६ पासून २०२६ ते २०२८ चा गट चालू झाला आहे. सरलेल्या गटात साठीच्या आतल्या सीओपीधारकाला तीन वर्षांत १२० तास करायचे होते. त्यातले किमान ६० तास संरचित, म्हणजे संस्थेने मान्य केलेल्या कार्यक्रमांचे, आणि दर वर्षी किमान २० तास संरचित. उरलेले स्वतःच्या वाचन-अभ्यासातून. नव्या गटासाठी आपल्या वयाला आणि सीओपीच्या प्रकाराला किती तास लागू आहेत, ते संस्थेच्या सीपीई पोर्टलवर आपल्या नावासमोर पाहून घ्या आणि टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवा. १२० चा आकडा काही आपल्यापुरता नाही. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ अकाउंटंट्सच्या मानकातही तीन वर्षांना १२० तास हेच माप वापरलं गेलं आहे.

शहरातल्या सीएला हे तास सहज मिळतात, ऑफिसातून निघालं की दहा मिनिटांत सभागृह. आपल्याकडे जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा वाटलेला. घाटाखालच्या खामगाव-शेगावकरांना कार्यक्रमासाठी अकोला गाठायचं. मलकापूर-नांदुऱ्याकडच्यांना जळगावही सोयीचं. बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजाकडची मंडळी छत्रपती संभाजीनगरकडे वळतात. पावसाळ्यात बोथ्याच्या जंगलातून किंवा राजूर घाटातून रात्री परतायचं म्हटलं की घरचे आधीच नको म्हणतात. मग तास मागे पडतात आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सगळे ऑनलाइन वर्ग शोधत बसतात.

यावर तीन उपाय. एक, वर्षाच्या पहिल्या तिमाहीतच निम्मे संरचित तास करून टाका. मार्चअखेरची बँक ऑडिटची लगीनघाई सुरू होण्याआधीचा जानेवारी-फेब्रुवारीचा काळ आपल्याकडे त्यातल्या त्यात मोकळा असतो. दोन, संस्थेचं डिजिटल लर्निंग हब आणि ऑनलाइन कार्यक्रम यांचा नियमित वापर करा, मात्र कोणत्या कार्यक्रमाचे तास संरचित धरतात ते नाव नोंदवतानाच पाहा. तीन, चार-पाच जणांनी एका गाडीतून जायची सवय लावा. अकोल्याला जाताना बाळापूरच्या चहाच्या टपरीवर जी चर्चा होते, तिचे तास कुणी देत नाही. पण एखाद्या पतसंस्थेचं ऑडिट कुठे अडलंय आणि ते कसं सोडवायचं, ते बहुतेक वेळा तिथेच कळतं.

कार्यक्रमाला हजेरी लावली म्हणजे तास लागले असं समजू नका. दर दोन महिन्यांनी पोर्टल उघडून ते आपल्या नावावर चढले का पाहा. राहिले असतील तर आयोजक शाखेला लगेच कळवा. वर्ष उलटल्यावर हजेरीचा कागद शोधणं दोघांनाही जड जातं. अभ्यासाच्या असंरचित तासांची नोंद मात्र आपणच करायची असते. ती कुणी आठवण करून देत नाही.

तिसरी पाहणी: यूडीआयएन आणि डीएससी

यूडीआयएन म्हणजे प्रत्येक सहीला मिळणारा स्वतंत्र क्रमांक. १ फेब्रुवारी २०१९ पासून प्रमाणपत्रांना, १ एप्रिल २०१९ पासून जीएसटी आणि टॅक्स ऑडिटला, आणि १ जुलै २०१९ पासून इतर सगळ्या ऑडिट-अहवालांना तो सक्तीचा झाला. अठरा अक्षर-अंकांत पहिले दोन वर्षाचे, पुढचे सहा सदस्य क्रमांकाचे आणि उरलेले दहा यंत्राने दिलेले. सही केल्यापासून ६० दिवसांत तो काढता येतो.

ही ६० दिवसांची सवलत फसवी आहे. 'नंतर काढू' म्हणत कागद पक्षकाराच्या हाती जातो, तो बँकेत जातो आणि मॅनेजरने पोर्टलवर तपासला की लाज जाते. म्हणून सहीच्या टेबलावरच क्रमांक काढायचा आणि क्रमांक पडल्याशिवाय कागद दाराबाहेर जाऊ द्यायचा नाही. यूडीआयएन पूर्णवेळ सीओपीवरच निघतो. त्यामुळे आपली सीओपी चालू आहे का, याची सर्वात सोपी परीक्षा म्हणजे एक क्रमांक काढून पाहणं.

डीएससीची, म्हणजे डिजिटल सहीची, मुदतही याच वेळी पाहा. टोकन ड्रॉवरमध्ये पडून असतो, मुदत कुणाच्या लक्षात नसते, आणि ती संपल्याचं कळतं ते ऑडिट अहवाल अपलोड करायच्या रात्री. मुदत संपायच्या महिनाभर आधीची आठवण मोबाइलमध्ये लावून ठेवा.

चौथी पाहणी: पीअर रिव्ह्यू आणि एमईएफ

पीअर रिव्ह्यू म्हणजे दुसऱ्या सीएने आपल्या कामाची पद्धत तपासणं. संस्थेचं पीअर रिव्ह्यू बोर्ड २००२ पासूनचं. एप्रिल २०२२ पासून कोणत्या फर्मला हे प्रमाणपत्र सक्तीचं, त्याचा आवाका टप्प्याटप्प्याने वाढत आहे. आपली फर्म कोणत्या टप्प्यात बसते ते बोर्डाच्या ताज्या सूचनेवरून ठरवा. टप्प्यात बसत नसलात तरी प्रमाणपत्र घेऊन ठेवणं शहाणपणाचं, कारण बँका आणि सरकारी कार्यालयं निविदांमध्ये ते मागतात.

एकदा मिळालेलं प्रमाणपत्रही मुदतीचंच असतं. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी चार-पाच महिने करा. परीक्षक ठरणं, त्याने नमुन्याच्या फाइली निवडणं, प्रत्यक्ष भेट, अहवाल, शंका, उत्तरं या सगळ्याला वेळ लागतो.

परीक्षक काय पाहतो? तो ताळेबंदाचं गणित पुन्हा करत बसत नाही. तो फाइल पाहतो. नेमणुकीचं पत्र आहे का, रोकड मोजल्याचा सहीचा कागद आहे का, बँकेचं शिल्लक प्रमाणपत्र आहे का, गोदामातली सोयाबीनची पोती कुणी आणि कोणत्या दिवशी मोजली हे लिहिलंय का. आपल्याकडे अनेकांचं काम चोख असतं, फाइल मात्र रिकामी. "मी स्वतः जाऊन मोजलं होतं" हे तोंडी सांगणं परीक्षकाला चालत नाही. मोजलं त्याच दिवशी एका कागदावर लिहून फाइलला लावलं की पीअर रिव्ह्यूचं निम्मं काम तिथेच होतं. या फाइली अहवालाच्या तारखेपासून किमान सात वर्षं जपायच्या.

बँक शाखांच्या ऑडिटसाठी दर वर्षी भरायचा एमईएफ हा वेगळा फॉर्म आहे. तो साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतो. त्यात भरलेली माहिती आणि संस्थेच्या नोंदी जुळल्या नाहीत की अर्ज अडतो. फॉर्म १८ वेळेवर भरायचा, तो यासाठीही.

पाचवी पाहणी: सहकाराची नामतालिका

आपला जिल्हा सहकाराचा. १९८६ मध्ये सुरू झालेली बुलडाणा अर्बन इथलीच, आणि गावोगावच्या पतसंस्था, विविध कार्यकारी सोसायट्या, पगारदारांच्या संस्था वेगळ्याच. परवाना नसल्याचा अर्थ काय, हेही या जिल्ह्याने पाहिलं आहे. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक बँकिंग परवान्याच्या प्रश्नात अडकली, तेव्हा ठेवीदारांना आणि शेतकऱ्यांना त्याची झळ बसली होती. म्हणून या तालिकेकडे खानापूर्ती म्हणून पाहू नका.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ८१ प्रमाणे संस्थेचं लेखापरीक्षण शासनमान्य नामतालिकेवरच्या लेखापरीक्षकाकडूनच व्हावं लागतं. या तालिकेत सीए असतात आणि प्रमाणित लेखापरीक्षकही. प्रमाणित लेखापरीक्षक म्हणजे पदवी आणि सहकार आयुक्तांकडून घेतली जाणारी जीडीसी अँड ए परीक्षा उत्तीर्ण झालेला, अनुभव असलेला माणूस. सीएला संस्थांच्या लेखापरीक्षणाचा किमान एक वर्षाचा, तर प्रमाणित लेखापरीक्षकाला तीन वर्षांचा अनुभव लागतो. दोघांनाही मराठीचं कामचलाऊ ज्ञान हवं.

तालिका मुदतीची असते. मुदत संपत आली की सहकार खातं नव्याने अर्ज मागवतं, आणि जुन्या तालिकेत नाव होतं म्हणून नव्या तालिकेत ते आपोआप जात नाही. सहकार विभागाचं संकेतस्थळ आणि बुलढाण्याच्या जिल्हा विशेष लेखापरीक्षक कार्यालयाचा सूचनाफलक, दोन्हींवर लक्ष ठेवा. अर्जाला लागणारे कागद आधीच एका फाइलमध्ये लावून ठेवा: सीओपी किंवा जीडीसी अँड एचं प्रमाणपत्र, अनुभवाचे दाखले, मागच्या वर्षांत केलेल्या लेखापरीक्षणांची यादी आणि ते अहवाल वेळेत दाखल झाल्याचा पुरावा.

शेवटची ओळ महत्त्वाची. तालिकेतलं नाव टिकतं ते कामाच्या शिस्तीवर. आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत, लेखापरीक्षण पुरं व्हायचं असतं. एका लेखापरीक्षकाने वर्षात वीसपेक्षा जास्त संस्था घ्यायच्या नाहीत. एक लाखाहून कमी भांडवलाच्या संस्था त्यात धरत नाहीत. २०१३ च्या दुरुस्तीने एकाच लेखापरीक्षकाला एकाच संस्थेत सलग तीन वर्षांहून अधिक नेमता येत नाही. आणि अपहार आढळला तर निबंधकांना अहवाल देणं आणि त्यांच्या परवानगीने गुन्हा नोंदवणं ही लेखापरीक्षकाची जबाबदारी आहे. ती टाळली तर तालिकेतलं नाव जाऊ शकतं. गावातल्या ओळखीपाळखीत ही गोष्ट जड जाते हे मान्य. पण ज्याने अध्यक्षाच्या शब्दाखातर अपहार 'वसूलपात्र रक्कम' म्हणून लिहिला, त्याच्या नूतनीकरणाच्या अर्जाची बाजू मांडणं कठीणच.

बहुराज्य संस्था केंद्रीय निबंधकांच्या अखत्यारीत येतात, आणि नागरी सहकारी बँकांच्या लेखापरीक्षकांच्या नेमणुकीला रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०२१ चे नियम लागू आहेत. राज्याच्या तालिकेतलं नाव तिथे पुरत नाही.

वर्षाचं वेळापत्रक

एप्रिल: फी भरा, केवायएम तपासा, ईमेल-मोबाइल अद्ययावत करा.
मे ते जुलै: सहकारी संस्थांची लेखापरीक्षणं, प्रत्येक फाइलमध्ये मोजणीचे कागद त्याच दिवशी लावा.
ऑगस्ट: एमईएफ भरा, फर्मच्या नोंदी जुळवा.
सप्टेंबर: स्वतःच्या कागदांचं काहीही या महिन्यावर ठेवू नका.
ऑक्टोबर: सर्वसाधारण सभांत झालेल्या नेमणुकांची संमतीपत्रं दिली का, पाहा.
नोव्हेंबर-डिसेंबर: सीपीईचा हिशेब, ३१ डिसेंबरआधी कमी पडलेले तास पुरे करा.
जानेवारी ते मार्च: डीएससी, पीअर रिव्ह्यू आणि नामतालिकेच्या मुदती, नव्या वर्षाचे निम्मे तास.

हा कागद ऑफिसच्या दर्शनी भिंतीवर लावा, आणि आर्टिकलला नव्हे, स्वतःला जबाबदार धरा.

संस्थांनी काय पाहावं

सचिव, व्यवस्थापक आणि संचालक मंडळींनो, लेखापरीक्षकाची कागदपत्रं चालू आहेत का हे पाहणं त्याचा अपमान नाही. सर्वसाधारण सभेच्या नोटिशीत नाव घालण्याआधी चालू नामतालिकेची प्रत काढा आणि त्यात नाव शोधा. त्याची लेखी संमती घ्या. सभेनंतर तीस दिवसांत नेमणुकीची माहिती निबंधकांकडे पाठवा. लेखापरीक्षक सीए असेल तर अहवालावरचा यूडीआयएन पोर्टलवर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. प्रमाणित लेखापरीक्षकाला यूडीआयएन नसतो. तिथे तालिकेतला क्रमांक पाहायचा. ठेवीदारालाही वार्षिक अहवालात लेखापरीक्षकाचं नाव आणि हे क्रमांक पाहता येतात. 'अ' वर्गाचा शेरा कुणी दिला, हे शेऱ्याइतकंच महत्त्वाचं.

लेखापाल मित्रांनो, आज संध्याकाळी ऑफिस बंद करण्याआधी पाच मिनिटं काढा. पोर्टलवर लॉगिन करा, फीची पावती पाहा, सीपीईचे तास पाहा आणि नोंदलेला ईमेल कुणाचा आहे ते पाहा. दुसऱ्यांच्या मुदती सांभाळण्यात आपलं वर्ष जातं. आजची पाच मिनिटं आपल्या मुदतींसाठी ठेवा.